गद्रे डॉक्टरांच्या गाडीतले बाक

“कै. डॉक्टर गद्रे यांच्या गाडीतील पुढचे सलग बाक मूळचे नाही. ते मागाहून, बहुधा एखाद्या भंगाराच्या आवारातून आणून बसवलेले आहे. डॉक्टरांनी ते खास आपल्या पत्नीसाठी कारखान्यातूनच करवून घेतले, ही कथा हृद्य असली तरी गाडीवरची पट्टी तिला दुजोरा देत नाही. आणि पट्टी खोटे बोलत नाही.”

हा उतारा अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकातला आहे. लेखक आपल्या अर्विंग गावातलेच चिरंजीव निरंजन. पुण्याहून आलेला, खिशात दोन फोन बाळगणारा हा मुलगा हुशार आहे, हे मी आरंभीच कबूल करतो. एवढ्यासाठीच, की पुढचा मजकूर मी एखाद्या मूर्खाविरुद्ध लिहिला असा कोणाचा समज होऊ नये. मूर्खांशी वाद घालण्याचे माझे वय सत्तरीतच संपले.

त्याच्या लेखात एकंदर चार चुका आहेत. त्यांपैकी तीन किरकोळ आहेत आणि त्या मी त्याला फोनवर, प्रत्येकी सुमारे अर्धा तास घेऊन, समजावून दिल्या आहेत. चौथी चूक वर उद्धृत केली आहे. तिचे खंडन मात्र छापूनच यायला हवे, कारण ती छापून आली आणि एका बाईंच्या घरात जाऊन बसली.

खंडनाला एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ‘पट्टी खोटे बोलत नाही’ हे वाक्य निरंजनचे नाही. ते माझे आहे. निवृत्तीनंतरची वीसेक वर्षे मी ते चारचौघांत, मेळाव्यांत, फोनवर आणि एकदा विमानात शेजारी बसलेल्या पाद्र्याला ऐकवलेले आहे. निरंजनने ते माझ्याच घरी, माझ्याच ताटातले थालीपीठ खाताना उचलले. तेव्हा त्याने मला मारण्यासाठी जी काठी घेतली ती माझीच, आणि तिला तेलपाणीही मीच केलेले.

आता ही पट्टी म्हणजे काय, ते सांगतो.

मसल कार म्हणजे काय हे इथे वाढलेल्या आपल्या नातवंडांना सांगावे लागत नाही, त्यांच्या आजोबांना सांगावे लागते. एकोणीसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइटच्या कंपन्यांनी मध्यम बांध्याच्या, दोन दारांच्या, दिसायला सालस गाड्यांत अशी इंजिने घालायला सुरुवात केली की जणू शाळामास्तरांच्या कोटात पैलवान शिरावा. तशी गाडी दुकानात उभी असे ती घेता येई. पण खरा षौकीन ती मागवून घेई. इंजिन कोणते, गिअर हाताचे की आपोआप पडणारे, रंग, सीट, रेडिओ, ॲश-ट्रेमध्ये दिवा हवा की नको, हे सगळे एका लांबलचक कागदावर निवडायचे. प्रत्येक निवडीला कारखान्यात एक सांकेतिक खूण असे, एखादे अक्षर आणि दोन आकडे. त्या साऱ्या खुणा पत्त्याच्या पानाएवढ्या पातळ पत्र्यावर ठोकून तो पत्रा बॉनेटखाली, चालकाच्या बाजूला, दोन स्क्रूंनी लावत. हीच पट्टी. ती आमच्याकडे खालच्या ओळीपासून वर वाचत असत. इंजिन तळाशी, चैन माथ्यावर. मनुष्याची कुंडलीही तशीच वाचावी असे माझे मत आहे, पण ते इथे अप्रस्तुत आहे.

सांगलीहून अभियांत्रिकी शिकून मी या देशात आलो आणि डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्याच्या नियोजन कचेरीत चिकटलो. कंपनीचे नाव मी घेणार नाही. तिचे वकील अजून कामावर असतील. विक्रेत्यांकडून आलेल्या मागण्या सांकेतिक खुणांत उतरवायच्या, कुठली गाडी कुठल्या गाडीमागे सोडायची ते ठरवायचे आणि प्रत्येक गाडीचा कागद कारखान्यातल्या प्रत्येक ठाण्यावर यंत्राने टंकून पाठवायचा, हे माझे काम. दरवाजे बसवणाऱ्याला त्याच कागदावरून कळे की याला काळे दार, त्याला निळे. तेहतीस वर्षे मी हे काम केले. निवृत्त होऊन इकडे अर्विंगला आलो तेव्हा वाटले, संपले. पण झाले भलतेच. ज्या गाड्या आम्ही चार वर्षांत भंगारात जातील असे धरून चाललो होतो, त्या लोकांनी देवघरात ठेवल्या. कंपनीने जुनी कागदपत्रे केव्हाच टाकून दिलेली. मग त्या खुणांचा अर्थ सांगणार कोण? ज्याच्या डोक्यात त्या अजून घोळत होत्या तो म्हातारा.

लोक पट्टीचे फोटो पाठवत. कागद ठेवून वरून पेन्सिल घासून काढलेले छाप पाठवत. ओक्लाहोमातला एक गुरांचा मालक तर सहा तास गाडी हाकत दारात आला. त्याच्या पट्टीवर वरच्या ओळीत एक खूण होती आणि ती कुठल्याही पुस्तकात सापडत नव्हती. त्याच्या वडिलांनी मरताना त्याला सांगितले होते म्हणे, की ही गाडी सरकारच्या गुप्त पोलिसांसाठी बनलेली होती. तो आवाज खाली आणून मला म्हणाला, “साहेब, खरं सांगा. मी कोणाला बोलणार नाही.”

मी म्हणालो, “ॲश-ट्रेमधला दिवा.”

तो गाडीकडे एकदा पाहून म्हणाला, “लागतो मात्र झकास.”

दुसरा एक गृहस्थ याच्या उलट. त्याने नवी कोरी बनावट पट्टी करवून आणली होती. खुणा एकूण एक बरोबर, पुस्तकातून उतरवलेल्या. चारचौघांदेखत मला ती दाखवून त्याने प्रमाणपत्र मागितले. मी चष्मा पुसला, पट्टी उन्हात धरली आणि म्हणालो, “ही ठोकणारा माणूस शुद्धीवर होता. आमच्याकडे सोमवारी असा माणूस नसे.” आमच्या यंत्रातले ठसे सैल असत, ओळ उजवीकडे जाता जाता खाली झुकायची. त्याच्या ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या सरळ होत्या.

असे विजय पुष्कळ आहेत. एक पराजयही सांगतो, कारण पुढच्या हकिकतीशी त्याचा संबंध आहे. टेनेसीहून एका माणसाने वडिलांच्या गाडीची पट्टी पाठवली. पट्टीवर एक गिअर, गाडीत दुसराच. वडील आयुष्यभर सांगत की गाडी कारखान्यातूनच अशी आली. मी उत्तर लिहिले: पट्टी खोटे बोलत नाही, आपल्या वडिलांची आठवण चुकली असावी. त्याने दोन ओळींचे आभार मानले आणि पुन्हा कधी लिहिले नाही. ते पत्र टपालात टाकताना माझा हात थोडा थबकला होता. का थबकला, ते मला माहीत होते. तरी टाकले.

आता गद्रे डॉक्टरांकडे येतो.

डॉक्टर मूळचे मिरजेचे आणि त्या काळी, इकडे येण्याच्या खूप आधी, डेट्रॉइटच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून शिकत होते. अतिशय मितभाषी. दिवसभर माणसे झोपवणाऱ्या या माणसाला स्वतःला जागे करणारे काहीतरी हवे होते. त्यांनी सत्तर सालची मसल कार मागवली. सर्वांत मोठे इंजिन, हाताने टाकायचे चार गिअर, गर्द जांभळा रंग. पुढे सुट्या दोन सीटा, ज्यांना बकेट सीट म्हणतात. मागणी नोंदवून ते लग्न करायला भारतात गेले आणि तीन आठवड्यांनी परतले. वहिनी पासपोर्टासाठी मागे राहिल्या होत्या. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मला कचेरीत फोन आला.

“दाते, घोळ झाला.”

“का? बायको पसंत नाही?”

“बायको पसंत आहे. सीट पसंत नाही.”

मग जे कळले ते असे. लग्नानंतर डॉक्टर आपल्या काकांची अँबॅसेडर मागून घेऊन वहिनींना कोल्हापूरला घेऊन गेले. गाडी सांगलीच्या वेशीबाहेर पडायच्या आत इंदूवहिनींनी चपला काढल्या आणि पुढच्या बाकावर मांडी घातली. पाय खाली सोडून बसले की त्यांना मुंग्या येत, आणि दहा मैलांनंतर ओकारी. मांडी घातली की खुशाल रामेश्वरापर्यंत न्या. अँबॅसेडरला पुढे सलग बाक, म्हणून जमले. आणि डॉक्टरांनी मागवलेल्या गाडीत ओंजळीएवढ्या, दोन्ही कडा उचललेल्या सुट्या सीटा! त्यांत एखाद्या बाईने नऊ वार सोडा, पाच वार नेसूनही मांडी घालून दाखवावी.

“तिला सांगा ना, इथं पाय सोडून बसायचं,” मी म्हणालो.

“मी भूल देतो, दाते. सल्ला देत नाही.”

निरंजनने आपल्या लेखात मोठ्या विद्वत्तेने लिहिले आहे की एवढे इंजिन असलेल्या गाडीत सलग बाक मागवणारे गिऱ्हाईक दोनच प्रकारचे असे: एक चिक्कू आणि दुसरा शर्यतवाला, ज्याला वजन कमी हवे असते. पुस्तकांत तसेच लिहिले आहे. पण ज्याची बायको मांडी घालून बसते असा तिसरा प्रकार पुस्तक लिहिणाऱ्यांना ठाऊकच नव्हता, त्याला पुस्तक काय करणार आणि निरंजनचे पट्ट्या वाचणारे ॲप तरी काय करणार?

मी डॉक्टरांची मागणी शोधली. दुर्दैवाने ती त्याच दिवशी सकाळी सांगाड्याच्या विभागात उतरली होती. आमच्या कारखान्यात पट्टी अगदी आरंभी ठोकत आणि सांगाड्याला लावून टाकत. बाकीचे सोपस्कार मागून. म्हणजे डॉक्टरांच्या पट्टीवर सुट्या सीटांची खूण पडून चुकली होती. नियम असा होता की त्यानंतर काही बदलायचे तर नवी पट्टी, नवे कागद, तीन सह्या आणि एक बोलणी खाण्याचा कार्यक्रम. मी विभागाच्या मुकादमाकडे गेलो. त्याचे नाव अर्ल. तीस वर्षे नोकरीत मुरलेला, गालात तंबाखूची गोळी.

मी म्हणालो, “सीट बदलायची आहे. कागद मी नवा टंकून देतो. पण पट्टी ठोकून झाली आहे.”

“मग?”

“मग पट्टी चुकीची होईल.”

अर्लने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “पोरा, पट्टीवर रंग बसतो. रंगावर चिखल बसतो. चिखलासकट गाडी भंगारात जाते. कोण वाचणार आहे तुझी पट्टी?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला सुचले नाही. उत्तर ‘मी’ असे होते. निवृत्तीनंतरची वीस वर्षे मी त्याच पट्ट्या वाचण्यात घालवणार होतो. पण सव्विसाव्या वर्षी माणसाला मुकादमाचे म्हणणे पटते. मी कागद नव्याने टंकला, सीटच्या रकान्यात सलग बाकाची खूण घातली, आणि पट्टी होती तशी राहू दिली. डॉक्टरांना बजावले, “काम झालं. कसं झालं ते विचारायचं नाही, आणि माझं नाव कुठं घ्यायचं नाही.”

त्यांनी ते अखेरपर्यंत पाळले. वहिनींना ते एवढेच सांगत, की हे बाक तुझ्यासाठी कारखान्यातून करवून घेतले. वहिनी त्यावर मांडी घालून पहिल्यांदा शिकागोला, मग नायगाराला, मग अवघ्या अमेरिकेत फिरल्या. त्या गाडीच्या गिअरचा दांडा जमिनीतून वर येतो. दुसरा गिअर टाकताना तो मागे ओढावा लागतो आणि डॉक्टरांच्या हाताची मूठ वहिनींच्या गुडघ्याला टेकत असे. मी मागच्या सीटवरून पाहिलेले आहे. एवढे बलाढ्य इंजिन असलेली ती गाडी मोकळ्या रस्त्यावरही पुष्कळदा दुसऱ्याच गिअरमध्ये का रेंगाळते, याचे तांत्रिक कारण मी कधी विचारले नाही.

आणि मी? मंडळाच्या सहलीला डॉक्टर गाडी आणत, लोक बॉनेट उघडून पाहत, तेव्हा मी चालकाच्या बाजूला जाऊन पोट पुढे करून पट्टीसमोर उभा राहत असे. देशभर ‘पट्टी खोटे बोलत नाही’ म्हणून गर्जना करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने एक खोटी पट्टी सोडली होती, आणि ती त्याच्याच गावात, जांभळ्या रंगात फिरत होती.

डॉक्टर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी मेधा दूर बॉथेल गावी असते. वडिलांची गाडी नीट करून घ्यावी या सद्हेतूने तिने निरंजनला पट्टी वाचायला सांगितली. मी त्या वेळी गुडघा बदलून घेऊन अंथरुणावर होतो, त्यामुळे पट्टीसमोर उभे राहायला कोणी नव्हते. निरंजनने फोन रोखला, ॲपने खुणा वाचल्या, आणि त्याने लेख लिहिला. पुढची पायरी ओघानेच आली. मिसुरीतल्या एका नामांकित कारागिराकडे गाडी पाठवायचे ठरले. पट्टीबरहुकूम सारे मूळ स्वरूपात आणायचे. म्हणजे बाक काढून टाकायचे आणि सुट्या सीटा बसवायच्या. ट्रक सोमवारी येणार होता.

त्याआधीच्या शुक्रवारी इंदूवहिनींचा फोन आला. दिवाळी अंक त्यांनी अखेर वाचला होता.

“दातेभावजी, मला एक सांगा. यांनी मला पन्नास वर्षं थाप मारली का हो?”

“छे! काहीतरीच काय.”

“कारण यांना थापा मारता येत नसत. पेशंटला ‘दुखणार नाही’ म्हणायचे तेव्हासुद्धा कानाची पाळी लाल व्हायची. पण गाडी चालवताना माझ्याकडं यांचा उजवा कान नसायचा? कुठला असायचा, आता आठवतच नाही. मी आपली पुढं बघत बसायचे.”

“उजवाच, वहिनी. आणि तो लाल नसायचा. ते बाक मी बसवून घेतलंय.” आणि मी त्यांना सारी हकिकत सांगितली.

ती ऐकून त्या म्हणाल्या, “तुम्ही त्यांचे मित्र. त्यांच्यासाठी तुम्ही एवढं खोटं सहज बोलाल.”

“वहिनी!”

“मग इतकी वर्षं का नाही बोललात?”

याला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते चांगले नव्हते. माझ्या वाक्याची अब्रू मला त्यांच्या बाकापेक्षा मोठी वाटत होती.

मी निरंजनला फोन केला. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण आहे. सगळे ऐकून तो म्हणाला, “काका, रिस्पेक्ट आहे. पण हे ॲनेक्डोटल झालं ना यार. सॉरी, यार नाही. काका.”

“म्हणजे मी खोटा?”

“नाही हो! पण तुम्हीच शिकवलंत. ओनर काय सांगतो ते ऐकायचं, आणि पट्टी काय सांगते ते मानायचं. आता तुम्ही स्वतःच ओनरच्या साइडनं बोलताय. मेधाताईला मी काय सांगू? ‘काकांना आठवतं’? ती म्हणेल, काका एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत.”

“ऐंशी.”

“काका, मागच्या महिन्यात आपण केक कापला.”

वादात असे क्षण येतात. मी फोन ठेवला.

पण तो म्हणाला त्यात एक गोष्ट खरी होती आणि ती मी शनिवारभर चघळत बसलो. माणसाची आठवण हा पुरावा नव्हे. मीच हे टेनेसीच्या माणसाला कळवले होते. पट्टी हाही पुरावा नव्हे. पट्टी गाडी कशी आहे ते सांगत नाही, गाडी कशी करायची ठरली होती तेवढेच सांगते. ती लग्नपत्रिका आहे, संसार नव्हे. मग संसाराचा पुरावा कुठे असतो? रात्रीचे जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता मला ते ठाणे आठवले, जिथे माझा टंकलेला कागद प्रत्यक्षात गेला होता. आणि एवढी साधी गोष्ट आधी सुचली नाही म्हणून मी स्वतःला पुण्याच्या शेलक्या शब्दांत एक शिवी दिली.

रविवारी सकाळी मी निरंजनला वहिनींच्या गॅरेजमध्ये बोलावले. मेधा फोनवर होती, तिचा चेहरा वहिनींनी खोक्याला टेकवून ठेवला होता. स्वतः वहिनी घडीच्या खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. खुर्ची त्यासाठी बनलेली नव्हती, पण ते तिला कोण सांगणार?

“काकू, गुड मॉर्निंग. काका, पाना आणलाय,” निरंजन म्हणाला. “पण बाक काढून काय मिळणार? कारखान्यातला कागद असतो कधीकधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, तो शोधायचाय का?”

“कागद तुझ्यासारख्यांसाठी. तो दुसऱ्याच गाडीचा निघाला तर? आधी बाक बाहेर काढ.”

“आई, यू डोंट हॅव टु डू धिस,” मेधा खोक्यावरून म्हणाली.

“गप गं. बघू दे,” वहिनी म्हणाल्या.

बाक बाहेर आले. दोघांनी धरून ते दारातून काढले; म्हणजे निरंजनने काढले आणि मी दिशा दाखवली. वहिनी उठून त्यावरून हात फिरवून परत बसल्या. मग मी निरंजनला गालिचा मागे सारायला सांगितला आणि तो सारत असताना त्याला त्या ठाण्याविषयी सांगितले. इथेही तेच सांगतो, म्हणजे वाचकांनाही माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

सलग बाकाला चार पाय असतात. चारही दोन्ही दरवाजांच्या लगत, बाजूला. सुट्या सीटा दोन. प्रत्येकीला आपले चार पाय. दोन बाहेरचे, दरवाजाशी. दोन आतले, गाडीच्या मधोमध जो उंचवटा जातो त्याच्या कडेला. म्हणजे सुट्या सीटांच्या गाडीत त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना चार भोके जास्त असलीच पाहिजेत, नाहीतर सीट उभी राहत नाही. आणि ही भोके आमच्याकडे दुकानदार पाडत नव्हता, भंगारवाला पाडत नव्हता. ती सांगाडा उघडा असतानाच, पट्टीनंतरच्या ठाण्यावर, रंग लागायच्या आधी, त्या गाडीच्या कागदावर नजर टाकून पाडत. कागदावर सुट्या सीटा असतील तर आठ, सलग बाक असेल तर चार. डॉक्टरांनी गाडी सुट्या सीटांसह घेऊन नंतर बाक बसवले असते, तर जुनी चार भोके मागे राहिली असती. कोणी बुजवली असती तरी रंगाखाली खूण दिसली असती.

“ब्रिलियंट,” निरंजन पुटपुटला, आणि लगेच सावध झाला. “पण समजा असली तर, काका?”

“तर पुढच्या अंकात तुझी माफी मी मागीन. पूर्ण पानभर.”

“आणि माझ्या नवऱ्याची?” वहिनी म्हणाल्या. त्यांनी हे हसत म्हटले, पण पाय खाली सोडले होते.

निरंजनने खिशातला एक फोन काढला.

“तो ठेव,” वहिनी म्हणाल्या. “हात घाल. हातानं बघ.”

तो गाडीत पोटावर आडवा झाला. आधी दरवाजाकडची मोजली: एक, दोन. पलीकडे सरकून: तीन, चार. मग त्याचा हात उंचवट्याकडे गेला. टॉर्च लावून त्याने एक बाजू पाहिली, बोट फिरवले, नखाने खरवडले, ओला फडका फिरवून पुन्हा पाहिले. मग दुसरी बाजू. बराच वेळ त्याचे पायच तेवढे आम्हाला दिसत होते. वहिनी खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. खोक्यावरून मेधाने विचारले, “निरंजन? व्हॉट डू यू सी?”

तो बाहेर आला, गुडघे झटकले, आणि माझ्याकडे न पाहता वहिनींसमोर जाऊन उभा राहिला. तो त्यांना काय म्हणाला ते त्या दोघांमधले आहे. ते छापायचे की नाही हे त्याने ठरवावे, त्यालाही या अंकात जागा दिलेली आहे. सोमवारी ट्रक आला आणि रिकामा परत गेला. निरंजनचे ॲप अजून आपल्या मताला चिकटून आहे, कारण त्याला पोटावर आडवे होता येत नाही. माझे आता एवढेच म्हणणे आहे, आणि ज्याला ते खोडायचे असेल त्याने वहिनींची वेळ घेऊन गॅरेजमध्ये यावे: गद्रे डॉक्टरांच्या गाडीत मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा कारखान्याच्या मूळ जांभळ्या रंगासह अखंड आहे, आणि त्याला आजतागायत एकही भोक पडलेले नाही.